अंदाजे बरोबर

इंग्रजीत अर्ज लिहायला बसलेल्या मराठी माणसाच्या हातून एक शब्द सहीइतकाच सराईतपणे उतरतो : ‘अप्रॉक्स.’ सोसायटीच्या नोटिशीत टँकर ‘अप्रॉक्स. १०,००० लिटर्स’चा असतो, ते एक वेळ ठीक. पण तक्रार अर्जात मोटारसायकलसुद्धा ‘अप्रॉक्सिमेटली ११ वाजून ३७ मिनिटांनी’ चोरीला जाते. ज्याने सदतिसावं मिनिट टिपलं त्याला अंदाज कशाला हवा? आणि अंदाजच करायचा होता तर साडेअकराने काय घोडं मारलं होतं? पण अर्जदार खुळा नसतो. साडेअकरा लिहिलं तर हवालदार म्हणणार ‘नक्की सांगा’, आणि नुसतं ११.३७ लिहिलं तर पुढे कोर्टात वकील म्हणणार ‘घड्याळ दाखवा’. ‘अप्रॉक्सिमेटली ११.३७’ या दोघांनाही पुरून उरतं.

ज्यांना एका शब्दाने धीर येत नाही ते दोन-तीन वापरतात. ‘अबाउट ४० टू ५० पर्सन्स अप्रॉक्स. ऑर सो.’ चाळीस ते पन्नास म्हटलं तिथेच अंदाज पुरा झाला होता. तरी पुढे एक, मागे दोन असे अंगरक्षक दिले की आकड्याला कुणी हात लावत नाही. केटररला असं पत्र मिळालं की तो सत्तर पानांची तयारी करतो, आणि सत्तरच लागतात.

खरं तर या शब्दांचे इंग्रजीतले नियम साधे आहेत. ‘अबाउट’ दोन्ही बाजूंना झुकतो. ‘अबाउट ५००’ म्हणजे ४९० चालतील आणि ५१० पण. ‘नियरली’ मात्र एकमार्गी आहे. ‘नियरली ५००’ म्हणजे पाचशेला काही कमी. ५१२ माणसं आली असतील तर ‘नियरली’ हा शब्द खोटा ठरतो. ‘सम’ गोल आकड्यापुढेच शोभतो. ‘सम ५०० फार्मर्स’ वाचवतं. ‘सम ४९३ फार्मर्स’ वाचलं की वाटतं, वार्ताहराने एकेक शेतकरी मोजला आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. ‘थर्टी-ऑड प्रोफेसर्स’मधली ती छोटी आडवी रेघ गाळली तर तीसएक प्राध्यापकांचे तीस विक्षिप्त प्राध्यापक होतात. (ज्यांनी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वेळ काढला आहे त्यांना दोन्ही वाचनं मान्य असतील.) आणि ‘सर्का’ हा लॅटिन शब्द अशा सालांसाठी, जी इतिहासकाराला नीट लागत नाहीत. हल्ली तो कॅफेच्या भिंतीवर दिसतो : ‘सर्का २०१६’. मालक गल्ल्यावर बसलेला आहे, उद्घाटनाचा नारळ त्यानेच फोडला, बँकेचा हप्ता त्याच तारखेपासून चालू आहे. तरी साल मात्र संशोधनाचा विषय.

इतकं सोपं असताना या शब्दांवर लोक भांडलेही आहेत. आकड्याआधी ‘ओव्हर’ लिहायचं की ‘मोअर दॅन’, हा वाद अमेरिकी पत्रकारितेत पिढ्यान्‌पिढ्या चालला. ‘न्यूयॉर्क इव्हिनिंग पोस्ट’चे संपादक विल्यम कलन ब्रायंट हे कवीही होते, त्यांनी एकोणिसाव्या शतकातच ‘ओव्हर’ला वर्ज्य शब्दांच्या यादीत बसवलं. तेव्हापासून कॉपी डेस्कवरची माणसं ‘ओव्हर’ खोडून ‘मोअर दॅन’ लिहिण्यात आयुष्य घालवत आली. २०१४च्या मार्चमध्ये असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तिकेने दोन्ही चालतील असं जाहीर केलं आणि इंग्रजी संपादकांत असा गलका झाला की जणू व्याकरणाचंच निधन झालं. त्या ‘ओव्हर’पुढचा आकडा कुणी मोजला होता का, हे विचारण्याची फुरसत कुणाला नव्हती.

तो मोजला गेला नाही की काय होतं, हे सभेच्या बातमीत पाहावं. मैदानात साठ हजार माणसं आहेत असं धरू. पक्षाचं इंग्रजी प्रसिद्धिपत्रक म्हणतं ‘नियरली वन लाख’. विरोधकांचं म्हणतं ‘बेअर्ली फिफ्टी थाउजंड’. पन्नास हजार माणसं या दोन क्रियाविशेषणांच्या मधल्या फटीत गडप होतात आणि त्यांच्या घरचेही शोधायला येत नाहीत.

वास्तविक गर्दी मोजण्याची रीत आहे, आणि ती एका पत्रकाराचीच आहे. बर्कलीला पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्ज यांनी १९६०च्या दशकात विद्यार्थ्यांच्या निदर्शनांचे फोटो घेतले, त्यांवर चौकटी आखल्या आणि डोकी मोजली. सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट लागतात, दाट गर्दीत साडेचार, आणि अगदी चेंगराचेंगरीच्या बेतात अडीच. आता शिवाजी पार्क घ्या. मैदान २८ एकरांच्या घरात, म्हणजे १२ लाख चौरस फुटांच्या आसपास. कडेपासून कडेपर्यंत भरलं, व्यासपीठ आणि झाडंसुद्धा माणसांत धरली, तरी सैल गर्दीत सव्वा लाख, दाट गर्दीत पावणेतीन लाख. अशा मैदानाबद्दल कुणी ‘ओव्हर टेन लाख’ छापलं तर माणशी सव्वा चौरस फूटही येत नाही. एवढ्या जागेत निष्ठावंतालाही एका पायावरच उभं राहावं लागेल.

अमेरिकेने हा प्रश्न कायमचा सोडवला. १६ ऑक्टोबर १९९५ला वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांचा मोर्चा निघाला, नावच ‘मिलियन मॅन मार्च’. नावात आकडा असला की अंदाज आधी ठरतो आणि माणसं मागाहून येतात. तिथल्या नॅशनल पार्क सर्व्हिसने ४ लाख माणसं सांगितली. आयोजक लुई फराखान खटला भरायला निघाले. मग बोस्टन विद्यापीठाच्या फारूक एल-बाझ यांनी हवाई छायाचित्रांवरून हिशेब केला : ८ लाख ७० हजार, अधिक-उणे २५ टक्के. पुढे सुधारून ८ लाख ३७ हजार, अधिक-उणे २० टक्के. बेरीज करून बघा. वीस टक्के वर चढवले की आकडा दहा लाखांना जेमतेम शिवतो, आणि वीस टक्के खाली आणले की पावणेसात लाखांच्याही खाली जातो. आयोजकांना वरचं टोक मिळालं, टीकाकारांना खालचं. यावर अमेरिकी काँग्रेसने तोडगा काढला तो असा, की पार्क सर्व्हिसने अशी गर्दी मोजण्यावर पैसाच खर्च करू नये. अंदाजाचे सगळे शब्द इतक्या अचूकपणे कुणी वापरले नसतील.

नेमक्या आकड्याला अंदाजाचा शब्द लावण्याची उलटी जातही आहे, आणि ती जास्त कावेबाज. अंदाज असतो, पण तो अंदाज वाटू नये म्हणून आकड्याला खडबडीत करतात. ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हेने एव्हरेस्टची उंची काढली तेव्हा सरासरी नेमकी २९,००० फूट आली, असं सांगतात. एवढ्या गोल आकड्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून वर दोन फूट ठेवले आणि १८५६ साली अँड्र्यू वॉ यांनी २९,००२ जाहीर केले. खरा हिशेब अंदाजासारखा दिसत होता. त्यात दोन फुटांची भेसळ केल्यावर तो शास्त्रीय दिसू लागला. तापाचंही तेच. जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांनी १८६८च्या ग्रंथात माणसाचं सर्वसाधारण तापमान ३७ अंश सेल्सियस सांगितलं. हा सरासरीचा गोल आकडा. त्याचं फॅरनहाइट केलं तर ९८.६ होतं, आणि दशांश चिन्ह दिसल्याबरोबर घरोघरच्या आयांनी तो निसर्गनियम मानला. ९८.८ झालं की शाळा बुडाली. १९९२ला अमेरिकेत पुन्हा मोजलं तेव्हा सरासरी ९८.२ भरली, तो आकडा थर्मामीटरपर्यंत अजून पोचायचा आहे.

या सगळ्या शब्दांत दुकानदारांचा लाडका मात्र ‘अप टू’. त्याची व्याप्ती शून्यापासून सुरू होते. ब्रिटनमध्ये इंटरनेट कंपन्या जाहिरातीत ‘अप टू’ अमुक वेग लिहीत, आणि तो दहातल्या एका ग्राहकाला मिळाला तरी जाहिरात खरी मानली जाई. २३ मे २०१८पासून नियम बदलला : रात्री आठ ते दहाच्या गर्दीच्या वेळात निदान निम्म्या ग्राहकांना मिळेल तोच सरासरी वेग छापायचा. आपल्याकडे सेलच्या पाटीवर ‘७० टक्के’ रस्त्यापलीकडून वाचता येतं आणि ‘अप टू’ वाचायला काचेला नाक लावावं लागतं. सत्तर टक्क्यांवाला शर्टही आत असतो, नाही असं नाही. तो एकच असतो, मोरपंखी असतो, आणि त्याचा साइज विचारला की विक्रेता आपल्या पोटाकडे बघून म्हणतो, ‘अप्रॉक्स. होईल, सर.’