लेखी दे

उरण तालुक्यात कुठेही नव्याकोऱ्या गाडीत चार माणसं काचा, एसी आणि गाणी बंद करून, श्वास रोखून, कान टवकारून बसलेली दिसली, तर ती मयताला निघालीत असं समजू नका. आमचा दादूस लोकांना आवाज ऐकवायला निघालेला असतो.

नवी गाडी बिघडलेली निघाली की माणसाचे दोन प्रकार होतात. एक जण महिन्याभरात ती एक्स्चेंजला देऊन टाकतो, दुसऱ्या रंगाची घेतो आणि विषय काढत नाही. दुसरा वकील गाठतो. दादूस दोन्हींत बसत नाही. सोमवार ते शनिवार तो लढणार असतो. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर उभा राहून कुठल्या कंपनीचा एक्स्चेंज बोनस किती, हे फोनवर विचारतो. विचारलं तर म्हणतो, "लढायचा हायेच. पन भाव इचारला त काय पैसं परतान काय?" तुमच्या घरात, सोसायटीत, ऑफिसात असा एक जण असणारच. आमच्यातला फक्त जास्त व्यवस्थित आहे, कारण त्याचा धंदाच तो आहे.

दादूस न्हावा शेव्याच्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर यार्डात, गेटवर कंटेनर तपासतो. पोचा कुठे आहे, भोक कुठे आहे, दाराचं रबर फाटलंय का, आतली फळी कुजलीय का, सील नंबर जुळतो का. जे दिसेल ते गेटच्या पावतीवर लिहायचं. तिथे शेरा न मारता डबा आत घेतला, तर तो पोचा आपला. पुढे कितीही ओरडा, दावा उभा राहत नाही. "लिवला नाय त झाला नाय," हे त्याचं ब्रीदवाक्य. नवीन पोरांना तो ते कंटेनरच्या दारावर थाप मारून शिकवतो.

आणि याच माणसाने गाडीची डिलिव्हरी घेताना काय केलं? वहिनींनी ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, शोरूमवाल्यांनी पुठ्ठ्याची भलीमोठी चावी हातात देऊन फोटो काढला, आणि 'वाहन उत्तम स्थितीत मिळाले' या ओळीखाली दादूसने न वाचता तीन ठिकाणी सह्या केल्या. वीस फुटी डब्याच्या फटीत बोट घालून बघणाऱ्याने गाडीला नुसता नमस्कार केला. यार्डातली पोरं अजूनही त्याला विचारतात, "दादूस, सील बघितलंस ना रे?"

आवाज आठवड्याभरात सुरू झाला. पुढे, डावीकडे, खालून. तो 'खटखट' आहे की 'कटकट' यावर दादूसचं आणि सर्व्हिस अॅडव्हायझरचं पहिलं भांडण झालं. अॅडव्हायझर म्हणजे इस्त्रीच्या शर्टातला, हातात टॅब धरलेला, प्रत्येक वाक्याची सुरुवात 'सर' ने करणारा मुलगा. त्याने जॉबकार्डावर लिहिलं, 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार आवाज.' दादूस भडकला. ग्राहकाच्या म्हणण्यानुसार म्हणजे काय? डब्याला भोक असलं तर 'ड्रायव्हरच्या म्हणण्यानुसार भोक' असं लिहितो का मी? संध्याकाळी गाडी धुऊन परत मिळाली. खाली शेरा होता, 'आवाज आढळला नाही.'

नंतर दुसरं दुखणं निघालं. करळच्या पुलावर चढताना गाडी मधेच दम सोडायला लागली. समोर पिवळा दिवा लागतो, अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी ऐकत नाही, आणि मागे चाळीस टनांचा ट्रेलर हॉर्नवर हात ठेवून असतो. इथवर दादूसला हसणारे आम्ही त्या पुलावर त्याच्या शेजारी बसलो की देवाचं नाव घेतो. शोरूमचं म्हणणं, "सर, तुमच्याकडचे रस्ते." हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असणारं उत्तर फार चीड आणतं. ट्रेलरांनी आमच्या रस्त्यांची जी दशा केलीय त्यात बैलगाडीसुद्धा खटखटेल.

म्हणून दादूसने मेकॅनिकला अटल सेतूवर नेलं. 12 जानेवारी 2024 ला उद्घाटन झालेला तो 21.8 किलोमीटरचा पूल मुंबईकरांना लवकर पोचवण्यासाठी बांधला असं लोकांना वाटतं. दादूसच्या लेखी ती खड्डे नसलेली चाचणीची जागा आहे. चिर्ल्याहून शिवडीपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. परत येतानाही तसंच. येण्याजाण्याच्या टोलचे 375 रुपये गेले. मेकॅनिक वर्कशॉपच्या दारात उतरला, दार लावलं, आणि खट्. तेव्हापासून टोलची पावतीही फाइलमध्ये आहे.

फाइलबद्दल सांगायलाच हवं. निळ्या रंगाची, दोरीची. जॉबकार्डं, ईमेलच्या प्रती, पिवळ्या दिव्याचे रंगीत फोटो, पेनड्राइव्हवर आवाजाचं रेकॉर्डिंग. ते रेकॉर्डिंग त्याने साखरपुड्याच्या जेवणात, पंगत बसलेली असताना लावलं होतं. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याने ते लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "बोट कोणाची?"

हिशेब मांडला तर विकणं शहाणपणाचं नाही, लढणंही नाही. दादूस अडकलाय तो इथे. गाडी नऊ लाखांच्या आतली, पेट्रोलची. दहा लाखांपर्यंतच्या अशा गाडीवर महाराष्ट्रात 11 टक्के एकरकमी रोड टॅक्स. एमएच 46 ची पाटी लागली की गाडी विकताना तो कुणी वेगळा मोजून हातात देत नाही. विम्याचं कोष्टक सहा महिन्यांत 5 टक्के आणि वर्षापर्यंत 15 टक्के घसारा धरतं. एक्स्चेंजवाला माणूस कोष्टक वगैरे बघत नाही, बॉनेटवर हात फिरवून ओठ मुडपतो आणि आकडा सांगतो. तो ऐकला की दादूस पुढचे सहा दिवस लढवय्या.

लढाईचं गणित वेगळं. अमेरिकेत दुरुस्ती ठरावीक वेळा फसली की कंपनीला गाडी परत घ्यायला किंवा बदलून द्यायला लावणारे कायदे राज्याराज्यांत आहेत, हे भाच्याने न्यू जर्सीहून कळवलं. आपल्याकडे गाड्यांसाठी तसा वेगळा कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा आहे. आधी 1986 चा, आता 2019 चा. त्यात दोष मुळातलाच आहे हे दाखवायची जबाबदारी बहुतेक तक्रारदाराच्याच डोक्यावर येते, आणि त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. शोरूमच्या मॅनेजरने 2006 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तोंडावर मारला : क्लच बिघडलेल्या गाडीचा तो खटला, न्यायालय म्हणालं की वॉरंटी सुट्या भागाची आहे, अख्खी गाडी बदलून मिळणार नाही, ग्राहकाला 50,000 रुपये. दादूस दोन दिवस जेवला नाही. मग त्याला 2022 चा निकाल सापडला. अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत, आणि गाडी बदलून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. त्या दिवशी यार्डात सगळ्यांना वडापाव मिळाला. दोन खटल्यांतला फरक मी समजावायला गेलो, तर म्हणाला, "तू कोनाचे बाजूचा हायेस?"

त्याला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फी. पाच ते दहा लाखांपर्यंतच्या तक्रारीला 200 रुपये, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. अर्ज ऑनलाइन होतो. पण दादूसचा ऑनलाइनवर विश्वास नाही. तिथे पोचपावतीवर शिक्का बसत नाही. जिल्हा आयोग अलिबागला. गाडीने जायचं तर पेण, वडखळ करत वळसा, आणि वाटेत गाडीने दम सोडला तर काय? म्हणून गाडीविरुद्ध लढायला दादूस करंज्याहून लाँचने रेवसला जातो आणि तिथून पुढे एसटीने. लाँचमध्ये बसल्यावर रेवस-करंजा पुलावर बोलायचं असतं, मुख्यमंत्री अंतुल्यांपासून बोलत आलेत तसं. तेही तो बोलतो, पण शेजाऱ्याने विचारलंच की "कोर्टात काय?", तर मांडीवरच्या फाइलची दोरी सुटते.

हे वेड त्याचं एकट्याचं नाही, हे मला इथे राहून कळलं. मी घाटावरचा. आमच्याकडे फाइल म्हणजे कटकट. इथे जुन्या घरात देव्हाऱ्याशेजारी फाइल असते. बंदराला आणि सिडकोला जमिनी गेल्या. जानेवारी 1984 मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या पाठीमागे जासईच्या दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी पागोट्याला माणसं उभी राहिली, गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आला. बंदर 1989 ला सुरू झालं. बंदरग्रस्तांच्या साडेबारा टक्क्यांची इरादापत्रं पंतप्रधानांच्या हस्ते वाटली गेली ती ऑगस्ट 2014 मध्ये. दादूसचा बाप 1984 ला त्या रस्त्यावर होता. त्यामुळे शोरूमच्या एसी केबिनमध्ये मॅनेजर घड्याळाकडे बघत म्हणाला, "सर, यात वर्षं जातील," तेव्हा दादूसला जे हसू आलं ते त्या बिचाऱ्याला कळायचं कारण नव्हतं. "वरसां?" तो म्हणाला. "आमची तीस वरसां इरादापत्रात गेली. तुझी वॉरंटी किती, तीन?"

वहिनींचं मत सुरुवातीपासून एकच आहे. "इक ती." त्या तसं म्हणतात आणि गाडीत बसायचं टाळून शेअर रिक्षाने बाजारात जातात. पण परवा मी हिंमत करून त्याला विचारलं, की खरंच, विकत का नाहीस? नुकसान होईल, पण झोप तरी लागेल. तत्त्व, हक्क, कायदा असलं काहीतरी ऐकायची तयारी ठेवली होती. दादूस थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तो घेनारा पन याच पुलावरशी जानार ना रं? पोरां-बालांना घेऊन."

या वाक्यानंतर मी त्याला विकायचा सल्ला देणं बंद केलं. रविवारचे फोन मात्र त्याने बंद केले नाहीत, माणूस आहे.

गेल्याच रविवारी एक्स्चेंजवाला मुलगा घरी आला. चांगला पोरगा. चहा घेतला, गाडीभोवती फिरला, ओठ मुडपले, आणि आश्चर्य म्हणजे आकडा बरा सांगितला. वहिनी दारात उभ्या, हात पदराला पुसत. मीही मनात म्हटलं, सुटलो. दादूसने आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला, "बरा हाय. आता लिवून दे, का गारी पुलावर दम सोडते हां पुढचे गिऱ्हाइकाला सांगशील."

पोरगा हसला. दादूस हसला नाही. पोराने वहिनींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला की असं लेखी आम्ही देत नाही, पण आकडा वाढवून बघतो. साहेबांना फोन लावला, पाच हजार वाढले.

"ह्यां तरी लेखी दे," दादूस म्हणाला. "कंपनीचे लेटरहेडवर, तारीख टाकून. सही नि शिक्का."

पोराला वाटलं सौदा जमला. त्याने तिथेच मोबाइलवरून पत्र मागवलं, नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं, सही केली, शिक्का मारला. दादूसने ते उजेडात धरून वाचलं, अगदी सील नंबर वाचतो तसं, आणि निळ्या फाइलची दोरी सोडली.

"बुधवारी अलिबागला तारीख हाय," तो पोराला म्हणाला. "गारीची किंमत बाजारात किती परली, त्याचा पुरावा नव्हता माझेकडं. चा घेतोस आनखी?"