नातवाची जलयात्रा

सावित्री नदीवरचे महाड हे एके काळचे व्यापारी बंदर असले, तरी महाड-पोलादपूरच्या कुटुंबाला आता क्रूझची, म्हणजे मुक्काम, जेवणखाण आणि करमणूक यांसह होणाऱ्या जहाजसहलीची हौस भागवायला महामार्गाने मुंबईच गाठावी लागते. बहुतेक जहाज कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला घेत नाहीत आणि डायपरमधल्या बाळाला पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत. त्यामुळे वयाची अट पार केलेला नातू तलावाकाठी आजोबांच्या मांडीवर किरकिरतो, आजी केबिनमध्ये सहाणेवर बाळगुटी, म्हणजे बाळाच्या पोटासाठीच्या वनौषधी, उगाळत बसते आणि आईवडील नाचगाण्याच्या कार्यक्रमाला जातात. पोलादपूरच्या ओटीवर हीच चाकरी फुकटात घडते. जहाजावर मात्र ती बजावण्यासाठी आजी-आजोबांना पूर्ण भाडे भरावे लागते आणि या व्यवस्थेला कौटुंबिक सुट्टी म्हणण्याचा प्रघात आहे.