मॅडम, सर कुठे आहेत?

इंदूरमध्ये बाईला मान नाही, असं म्हणायची सोयच नाही. विमानतळ अहिल्याबाई होळकरांच्या नावाने, विद्यापीठ त्यांच्या नावाने, राजवाड्यासमोर पुतळाही त्यांचाच. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने राज्याचं अख्खं मंत्रिमंडळ आधी महेश्वरला आणि मग राजवाड्यात येऊन बसलं. गंमत म्हणजे या बाईंना प्रसिद्धीचा तिटकारा. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला, तर बाईंनी तो नर्मदेत फेकायला लावला, असं जॉन माल्कम या ब्रिटिश साहेबाने नोंदवून ठेवलंय. आजच्या पीआरवाल्यांना असा क्लायंट मिळाला तर दुकान बंद करावं लागेल.

पण दुकान जोरात आहे. कुठल्याही बड्या हॉटेलातली पत्रकार परिषद बघा. वेळ साडेअकराची, सुरू होणार साडेबाराला. दारात इस्त्रीच्या साडीतली मुलगी. वहीत नाव-नंबर लिहून घेणं, हातात फोल्डर देणं, "सर, पोहे घेतले ना?" विचारणं, सगळं तिच्याकडे. फोल्डरमधली प्रेसनोटही आदल्या रात्री जागून तिनेच लिहिलेली. मंचावर मात्र सर. कोणी आडवा प्रश्न विचारला, "हा आकडा कुठून आला?", की सरांची नजर दाराकडे. ती लगबगीने चिठ्ठी पोचवते, सर वाचतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'सरांनी स्पष्ट केले'. संध्याकाळी वार्ताहराचा फोन येतो तो तिलाच: "मॅडम, सर कुठे आहेत?"

यावर ठरलेलं कौतुक असतं: बायकांना हे काम छान जमतं हो, गोड बोलतात! या कौतुकाइतकं महागात काही पडत नाही. जे अंगचंच आहे त्याचा वेगळा पगार कशाला? आईचा स्वयंपाक म्हणजे माया, आणि लग्नातला आचारी आला की त्याचा दर. १९८६ मध्येच जनसंपर्काच्या व्यवसायातल्या बायकांवरच्या एका अमेरिकी अभ्यासाला 'द वेल्व्हेट घेटो' असं नाव दिलं गेलं होतं: कोंडवाडाच, पण मखमलीचा. आपल्याकडे विषय काढला की लगेच प्रेमा सागर यांचं नाव पुढे करतात. १९९२ मध्ये त्यांनी जेनेसिस ही पीआर कंपनी काढली, हे खरंच मोठं काम. पण तीसहून जास्त वर्षं एकाच नावावर भागवायचं म्हणजे जरा अतीच झालं.

बायकांच्या बढतीची शिडी कुठे मोडते, तेही उघडच आहे. हा धंदा ओळखींचा, आणि ओळखी पिकतात रात्री दहानंतर. सराफ्याच्या खाऊगल्लीत बारा वाजता गराडू खाता खाता कुठली बातमी आत जाणार आणि कुठली मरणार, हे ठरतं. दारातली ती मुलगीही सराफ्यात जाते, नाही असं नाही; पण तेव्हा बरोबर नवरा, सासू आणि दीर असतात. मग बाळंतपण. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि पाळणाघराची सक्ती आहे ती ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे. इथल्या छोट्या एजन्सीत माणसं मोजून बारा-पंधरा. तिथे उत्तर तयार असतं, "आपण तर फॅमिलीसारखेच!"

राजकारणात तरी वेगळं काय आहे! सुमित्राताई महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा इथून निवडून आल्या, लोकसभेच्या अध्यक्षही झाल्या. २०१९ मध्ये तिकिटाचा घोळ इतका लांबला की ताईंनी स्वतःच पत्र लिहून 'लढणार नाही' म्हणून सांगितलं. पालिकेत निम्म्या जागा बायकांच्या, म्हणून गल्लोगल्ली 'पार्षद पती', म्हणजे नगरसेविकेचे यजमान, असं पद निर्माण झालं. ते घटनेत नाही, फ्लेक्सवर आहे.

२१ एप्रिलला राष्ट्रीय जनसंपर्क दिन असतो. यंदा विषय बहुधा 'जनसंपर्क आणि महिला' असेल. मंचावर पाच सर बोलतील, आभार मॅडम मानतील. तोवर सर जेवायला गेलेले असतील.