अकरा महिन्यांचा करार

१९९८ साली मी पंचेचाळीस हजारांचा संगणक घेतला. तेव्हा आमची रायपूरची समता कॉलोनी अजून मध्य प्रदेशात होती. ३२ एमबी रॅम! चौबे कॉलोनीतल्या महाराष्ट्र मंडळात आठवडाभर तोच विषय. घरी आणल्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ मात्र अंगणात फोडला, पाणी उडायला नको म्हणून. परवा कबाडीने तोच डबा तराजूत टाकला आणि रद्दीच्या भावात मोजायला लागला. घासाघीस केली तर म्हणतो, रद्दी निदान कोरडी असते, हे गंजलंय. माझ्या खिशातल्या मोबाइलची रॅम त्याच्या अडीचशेपट आहे.

हार्डवेअर म्हणजे टोमॅटो. पीक उदंड झालं की भाव पडतो, पूर आला की चढतो. अगदी खराखुरा पूर! २०११ साली थायलंडच्या कारखान्यांत पाणी शिरलं आणि जगभर हार्ड डिस्क भडकल्या. २०२५ संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा ओढून नेल्या, रॅम महागली. चडफडायला निदान कारण तरी मिळतं.

सॉफ्टवेअरला ना पूर, ना दुष्काळ. पहिली प्रत घडवायला पगार मोजावे लागतात, कबूल. पुढच्या लाखभर प्रती जवळपास फुकटात निघतात. मग भाव ठरतो कशावर? गिऱ्हाईक किती अडकलंय त्यावर. माझा बारा वर्षांचा जमाखर्च एकाच सॉफ्टवेअरमध्ये कोंडलाय, हे त्या कंपनीला पक्कं ठाऊक आहे. पूर्वी सीडी घेतली की ती आपल्या कपाटात, आपल्या मालकीची. २०१३ साली अडोबीने जाहीर केलं, फोटोशॉपची पुढची आवृत्ती विकायची नाही, भाड्याने द्यायची. मग काय, ज्याला त्याला घरमालक व्हायची हौस! आता दर मार्चला माझ्या पडद्यावर तगादा येतो, दहा टक्के वाढवून. नवीन काय दिलं म्हणाल तर डावीकडची बटणं उजवीकडे गेली.

ही सगळी कैफियत मी वरच्या खोलीत जाऊन तिथल्या भाडेकरूला ऐकवली. पोरगा भिलाईचा, पोटापाण्याला सॉफ्टवेअरच लिहितो. अकरा महिन्यांचा नवा करार मी नुकताच त्याच्या हातात दिला होता. दहा टक्के वाढ, खाली माझी सही.

"काका," तो कागद घडी करत म्हणाला, "मग यंदा खोलीत नवीन काय?"

मी वर पाहिलं. गेल्या पावसाळ्यात छताची ओल डाव्या कोपऱ्यात होती. यंदा उजव्या.