डाग मोजणारे नाना

घरोघरी एक नाना असतात. कुठे त्यांना भाऊ म्हणतात, कुठे अण्णा. पण गाडी सुटायच्या तासभर आधी फलाटावर उभं राहून ‘डाग किती झाले?’ असं दरडावून विचारणारा माणूस तोच. त्यांचं सगळं शिक्षण दादर, पुणे आणि मनमाडच्या फलाटांवर झालेलं असतं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं, बाकाखाली बॅगा साखळीनं जखडणं, टीसीशी दबक्या आवाजात बोलणी करणं, उतरणाऱ्यांच्या काखेखालून आत शिरणं, यांत हयात गेलेली. मग नाना निवृत्त होतात, मुलगा आणि सून तिकिटं काढतात आणि एके सकाळी नाना स्वित्झर्लंडमधल्या लुझर्न स्टेशनावर, फक्त दिवसभराच्या सहलीसाठी, नऊ डाग घेऊन उभे राहतात.

(टूर कंपनीबरोबर गेलेले नाना वेगळे. त्यांच्यापुढे छत्री उंच धरून चालणारा टूर मॅनेजर असतो, त्यामुळे ते तक्रार करण्यापुरतेच उरतात. इथे विषय आहे ‘आपलं आपण जाऊ’ म्हणणाऱ्या नानांचा.)

पहिली पंचाईत फलाटावर शिरतानाच होते. दार नाही, राखणदार नाही, प्लॅटफॉर्म तिकीट नाही. “कुणीही आत येतंय,” असं नाना काळजीनं म्हणतात, म्हणजे आपणही त्या कुणीहीतच आलो हे त्यांच्या ध्यानात येत नाही. दुसरी पंचाईत आरक्षणाची. सून सांगते, “बाबा, आपल्याकडे पास आहे. कुठल्याही डब्यात बसायचं.” कुठल्याही डब्यात बसायचं हे वाक्य नानांना साफ अनारक्षित वाटतं. आरएसी समजू शकते, वेटिंग लिस्ट समजू शकते. पण यादीच नाही म्हणजे भांडायचं कशाच्या जोरावर?

मग ते घड्याळाकडे वळतात. तिथल्या स्टेशनांवरचं पांढऱ्या तबकडीचं घड्याळ हान्स हिलफिकर नावाच्या रेल्वेच्याच इंजिनिअरानं 1944मध्ये आखलं. लाल सेकंदकाटा नंतर आला. हा काटा जवळपास साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करतो, बारावर क्षणभर थबकतो आणि मध्यवर्ती घड्याळाचा इशारा आला की पुढे निघतो. नाना नेमके त्या थबकण्याच्या वेळी वर बघतात. “बंद पडलं! बघा, यांचंही बंद पडतं!” सकाळपासून त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं हे पहिलं हसू. नातू फोनमध्ये बघून खरं काय ते सांगतो तेव्हा ते हसू मावळतं, आणि एवढ्याशा पोरांच्या हातात फोन कशाला, हा जुना विषय निघतो.

गाडी येते, दारं उघडतात, माणसं सावकाश उतरतात. कुणी कुणाला ढकलत नाही. नाना मात्र उजवा खांदा पुढे काढून तयार असतात, आणि समोर कुणीच नसल्यामुळे तोल जाऊन थेट समोरच्या खिडकीपर्यंत पोचतात. चार बाकांवर रुमाल, टोपी, स्वेटर आणि धपाट्यांची पिशवी ठेवून ते डबा ‘धरतात’. डब्यात आणखी दोनच माणसं असतात. तीही पुस्तक वाचत.

मग खिडकीचं वाटप. उलट्या तोंडानं बसलं की नानांच्या बायकोला, म्हणजे माईंना, मळमळतं, म्हणून माई गाडीच्या दिशेनं, सुनेला फोटो काढायचे म्हणून तीही, मुलगा उलटा. हे सगळं लागून निवांत होईपर्यंत लुंगेर्नचं हिरवंनिळं तळं मागे पडलेलं असतं. पुढे ब्र्यूनिगच्या घाटात गाडी रुळांमधल्या दातेरी पट्टीला धरून चढते आणि उतरते. नानांना खंडाळ्याच्या चढावर मागून रेटा देणारी इंजिनं आठवतात, आणि ते डब्यातल्या त्या वाचणाऱ्या दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात पुण्याच्या भावाला व्हिडिओ कॉल लावतात.

घाट उतरून गाडी मायरिंगेनला थांबते आणि तिथून उलट्या दिशेनं निघते. तिथली रचनाच तशी आहे. इंटरलाकेनला जायचं तर गाडीला तोंड फिरवावंच लागतं. पण नाना ताडकन उठतात. “परत चाललीय! लुझर्नला परत चाललीय! सांगत होतो, विचारून बसा!” नेमका तेव्हाच तिकीट तपासनीस येतो आणि हसून ‘ग्र्युएत्सी’ म्हणतो. नाना त्याच्यापुढे पासपोर्ट, व्हिसाची झेरॉक्स, प्रवासविमा आणि हॉटेलची पावती असा सगळा संसार मांडतात. त्याला हवा असतो पासवरचा तो चौकोनी कोड. तो खूण करून दाखवतो की गाडी बरोबर चालली आहे. आता प्रश्न उरतो माईंच्या मळमळीचा, म्हणून सगळं कुटुंब उठून जागा बदलतं. मुलगा, जो इतका वेळ उलटा बसला होता, तो न हलता सुलटा झालेला असतो. त्यालाही उठवलं जातं.

सुनेच्या डोक्यात मात्र ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’. दारात उभं राहून हात बाहेर काढायचा, तसा फोटो. दारं आपोआप बंद होतात, हात काढायची सोय नाही. इथे मात्र नानांना खरी माहिती असते. सिनेमातली युरोपातली काही स्टेशनं इथली असली, तरी शेवटी धावत हात पकडतात तो प्रसंग पनवेल-रोहा मार्गावरच्या आपट्याला चित्रित झाला. “एवढे पैसे खर्चून इथे कशाला आलो? आपट्याला लोकलभाड्यात गेलो असतो.” फ्रँकला शंभरानं गुणण्याची त्यांची सवय एव्हाना इतकी मुरलेली असते, की लुझर्नला स्वच्छतागृहाचे पैसे ऐकून त्यांनी सर्वांना गाडी सुरू होईपर्यंत थांबायला लावलेलं असतं. गाडीतलं फुकट.

इंटरलाकेन ओस्टला गाडी बदलायची. वेळ असतो, पण नाना तो मानत नाहीत. “चढा, चढा, मिळेल त्या दारातून चढा, आतून एकत्र येऊ!” जन्मभराचा हा अनुभव इथे मात्र दगा देतो. या गाडीचे अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. त्स्वायल्युचिनेन नावाच्या लहानशा स्टेशनात गाडीचे दोन तुकडे होतात, आणि आतून एकातून दुसऱ्यात जाता येत नाही. फलाटावरच्या पाटीवर हे लिहिलेलं असतं, गाडीत सांगतातही. पण नाना तेव्हा डाग मोजत असतात. सात भरतात. आठवा आणि नववा, म्हणजे धपाटी आणि पाणी, माई आणि सुनेबरोबर दुसऱ्या डोंगराच्या दिशेनं निघालेले असतात.

आणि इथे नाना उजळून निघतात. सकाळपासून जे कौशल्य वाया चाललं होतं त्याला अखेर काम मिळतं. ते मुलाला झापतात, नातवाचा हात घट्ट धरतात, “कुणी हलू नका” असं न हलणाऱ्यांना बजावतात. लाउटरब्रुनेनला उतरल्यावर समोरच्या कड्यावरून सुमारे 300 मीटर उंचीचा श्टाउबबाख धबधबा कोसळत असतो. त्याच्याकडे पाठ करून नाना स्टेशनमास्तरचं ऑफिस शोधतात. घोषणा करायला लावायची, माईंचं वर्णन द्यायचं, पातळाचा रंग सांगायचा.

तेवढ्यात माईंचा फोन. “अहो, इथल्या मुलीला विचारलं. लाउटरब्रुनेनहून वेंगेनमार्गे गाडी वर क्लाइन शायडेगला जाते, आणि ग्रिंडेलवाल्डहूनही तिथेच जाते. 2061 मीटरवर. आम्ही पुढे होतो, तुम्ही तिकडून या.”

नानांचा चेहरा पडतो. या देशात माणसाला धड चुकताही येत नाही.

वर पोचतात तेव्हा आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ अशी तिन्ही शिखरं समोर लख्ख उभी असतात, माई बाकावर ऊन खात धपाटी मोडत असतात आणि सून फोटो काढत असते. नाना सात डाग खाली ठेवून नवापर्यंत मोजतात, पाणी पितात.

“पास ग्रिंडेलवाल्डपर्यंतच होता ना? मग वरचं तिकीट?”

“काढलं की.”

“कितीला पडलं?”

“सांगते,” माई म्हणतात, “पण आधी खाऊन घ्या. आणि गुणाकार पुण्याला गेल्यावर करायचा.”