फिंगर ऑन लिप्स : एक्सलंट

चाकुरातल्या एका एलकेजीच्या प्रगतिपुस्तकात रंग ओळखायला 'गुड', अंकांना 'गुड' आणि 'फिंगर ऑन लिप्स'ला 'एक्सलंट' शेरा आलाय. बापानं ते पान लगेच स्टेटसला ठेवलं. दुपारपर्यंत समद्या सोयऱ्याधायऱ्यांचे अंगठे येऊन पडले.

कौतुक करायलाच हवं. चार वर्षांचं लेकरू आणि अर्धा तास गप्प! आमच्या वेळी 'हाताची घडी, तोंडावर बोट' होतं, पण त्या पद्धतीत दम नव्हता. दोन्ही हातांची घडी घातल्यावर तोंडावरचं बोट आणायचं कुठून, याच विचारात पोरं गुंतायची आणि शेवटी शेजारच्याचं बोट उसनं घ्यायची. इंग्रजी शाळेनं घडीच काढून टाकली. एक बोट ओठांवर, दुसरा हात एबीसीडी गिरवायला मोकळा.

शाळा कृषी सेवा केंद्राच्या वरच्या मजल्यावर. खाली खताची पोती, वर 'इंटरनॅशनल'. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ ही वर्षं खेळत शिकायची ठरवली आहेत. मैदान नसल्यामुळं इथं एकच खेळ जमतो, स्टॅच्यू. तोही बसून. बोटांवर मोजायला शिकवतात, पण मोजणी नाईनपाशी अडते. टेन तोंडावर असतो. तो काढायला परवानगी लागते आणि परवानगी मागायला तोंड लागतं.

परवा पाऊस आला तेव्हा खिडकीजवळच्या एका पोरानं विचारलं, "मिस, आभाळ कशाला गडगडूलालंय?" मिस म्हणाल्या, "फिंगर ऑन युवर लिप्स!" पोरगं गप्प झालं. आभाळ झालं नाही, त्याची फी भरलेली नव्हती. (मिसना दोष देऊ नका. त्यांना पगार विचारून पाहा, त्यासुद्धा तोंडावर बोट ठेवतात.)

हे बोट एलकेजीत थांबत नाही, लेकराबरोबर वाढतं. पुढं लातूरच्या ट्युशन एरियात शेकडो पोरांच्या हॉलमध्ये शंका विचारावी वाटली की आपोआप ओठांवर जातं. शेती करायला लागला की आडतीवर जातं. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, हे पट्टी हातात घेतलेल्या प्रत्येकाला पाठ होतं. खरेदी केंद्रावर ओलावा मर्यादेच्या वर निघाला की माल परत, आणि आडतीत जो भाव मिळेल तो घ्या, फिंगर ऑन युवर लिप्स. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या रांगा किती शिस्तीच्या होत्या! ग्रामसभेत गेल्या वर्षीचा हिशेब वाचून दाखवतात तेव्हा मागच्या सतरंजीवर बघा, कसे सगळे एलकेजीतले बसलेले असतात. राहता राहिलं मतदान. तिथं शाई लावतात डाव्या तर्जनीला आणि तोंडावर असते उजवी, म्हणजे लोकशाहीचा उत्सव चालू असतानासुद्धा वर्गातली शांतता मोडत नाही. इतक्या दूरचा विचार करून अभ्यासक्रम आखणाऱ्याला एकदा भेटायचंय मला. कारण लेकराला गप्प बसवायला घरात आजा फुकट बसलेला आहे, डोळे वटारले की काम होतं. त्याच कामाला ही माणसं तूर विकून, उसनवारी करून हप्त्यानं फी भरतात, आणि वर स्टेटसला ठेवतात! अरे, त्याला विचारू द्या की आभाळ का गडगडतंय. तुम्हाला येत नसेल तर येत नाही म्हणा, चार वर्षांचं आहे ते, तुमची बदली नाही करणार.

परवाच्या पालकसभेत एवढं बोलायची हिंमत एकाच व्यक्तीला झाली. ती शाळेत गेलेली नव्हती.

"बाई," मागून एका आजीनं आवाज दिला, "लेकरू रोज चड्डी ओली करून येऊलालंय. त्याला बोलू का देईनात?"

"आजी, त्यासाठी करंगळी आहे. करंगळी वर करायची असते."

"अन् तुमी मोबाईलात बघूलालाव, तवा त्याची करंगळी कुणाला दिसंल?"

"आजी, प्लीज. डिसिप्लिन."

"डिशिप्लिन जाऊ दे चुलीत. चड्ड्या मी धुऊलाले."