गिऱ्हाईक एकच

पुण्याजवळ सोमाटणे फाट्यावर एखाद्याने गुंठा विकायला काढल्याचं नुसतं कानावर जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी दोन एजंट घरी हजर. जुनी मोटारसायकल, गोठ्यातली गाय, बायकोच्या पाटल्या, सगळ्याला गिऱ्हाईक मिळतं. घासाघीसही करता येते. घरात कॅन्सर शिरला की हे सगळं एकेक करून जातं.

मग कपाटातून पॉलिसीचा बॉण्ड निघतो.

त्याला गिऱ्हाईक एकच. जिने विकली तीच कंपनी. भावही तीच सांगणार.

हिशेब मांडा. दहा लाखांची पारंपरिक पॉलिसी, वर्षाला ४५ हजार हप्ता, पाच वर्षं भरलेला. सव्वादोन लाख गेले. सहाव्या वर्षी मोडली तर हमी भरलेल्या हप्त्यांच्या निम्म्याचीच: १ लाख १२ हजार ५००. विशेष सरेंडर व्हॅल्यू जास्त निघाली तर ती मिळेल. पण माणूस धडधाकट आहे की केमो घेतोय, हे या दोन्ही आकड्यांत कुठेच धरलेलं नाही.

डॉक्टरांनी वर्षभराची मुदत सांगितलेल्या माणसाच्या दहा लाखांच्या कागदाची खरी किंमत एवढीच?

तो सही करतो आणि कंपनीच्या डोक्यावरची दहा लाखांची जोखीम त्याच दिवशी उतरते.

याविरुद्ध कोर्टात कोणी गेलंच नाही, असं नाही. इन्शुअर पॉलिसी प्लस ही कंपनी लोकांच्या पॉलिसी विकत घ्यायची आणि पुढे विकायची. एलआयसीने २००३ आणि २००५ मध्ये परिपत्रकं काढून अशा हस्तांतराची नोंद घ्यायला नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावलं, पॉलिसी हस्तांतर करता येते. एलआयसी सर्वोच्च न्यायालयात गेली. ३० डिसेंबर २०१५ रोजी तिथेही हरली.

तोवर कायदाच बदलला होता.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने विमा कायद्याच्या कलम ३८ मध्ये नवी तरतूद आली. हस्तांतर पॉलिसीच्या व्यापारासाठी आहे असं मानायला पुरेसं कारण असेल, तर कंपनी ते नाकारू शकते. खटला जिंकून झाला, पॉलिसीधारकासाठी दार मात्र बंदच राहिलं.

बंदीची बाजू घेणारे म्हणतात, विकत घेणारा मरणाची वाट बघत बसेल. भीती खोटी नाही. उत्तर प्रदेशात संभलमध्ये २०२५ साली पोलिसांनी टोळी पकडली ती याच धंद्यातली: मरणाच्या दारातल्या गरिबांच्या नावावर पॉलिसी काढायच्या आणि क्लेम खायचा.

पण तिथे आजार आधी आला, पॉलिसी नंतर. इथे माणसाने हातपाय धड असताना पॉलिसी घेतली, वर्षानुवर्षं हप्ते भरले. दोघांना एकाच मापाने का मोजायचं?

अमेरिकेत हा वाद १९११ मध्येच मिटला. बर्चर्ड नावाच्या माणसाला ऑपरेशनसाठी पैसे हवे होते. त्याने आपली पॉलिसी डॉ. ग्रिग्स्बी यांना १०० डॉलरला विकली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने व्यवहार वैध ठरवला. पुढे १९८० च्या दशकात एड्सच्या रुग्णांनी याच वाटेने शेवटच्या दिवसांचा खर्च भागवला. लबाड दलालही आले, म्हणून नियम आले. आपण नियम करायचे सोडून बंदीच का घातली?

अटी घाला की! पॉलिसी तीन वर्षं जुनी हवी, निदानाच्या आधीची हवी, घेणारा विमा नियामकाकडे नोंदलेला हवा, बायकोची सही हवी, आणि भाव सरेंडरपेक्षा घसघशीत हवा. यात अवघड काय आहे?

तोवर सोमाटण्यातल्या, तळेगावातल्या, कुठल्याही घराने एक करावं.

पॉलिसी मोडू नये.

त्याच पॉलिसीवर कर्ज मिळतं, साधारणपणे सरेंडर व्हॅल्यूच्या ९० टक्क्यांपर्यंत. वरच्या हिशेबात एक लाखाच्या आसपास. मोडून मिळणार होते त्याहून दहा-बारा हजार कमी. पण मोडली तर मागे शून्य. कर्ज घेऊन हप्ते चालू ठेवले, तर माणूस गेल्यावर कर्ज आणि व्याज वळतं करून उरलेली रक्कम घरच्यांना मिळते. दहा लाखांतले निदान साडेआठ लाख. हे काउंटरवर कोणी आपणहून सांगतं का?

हप्ता झेपत नसेल तर पेड-अपचं विचारा. विमा कमी होतो, संपत नाही. बॉण्डला गंभीर आजाराचा किंवा हप्तामाफीचा रायडर जोडलेला आहे का, पाहा. टर्म पॉलिसी असेल तर 'टर्मिनल इलनेस'चं कलम शोधा. अनेक पॉलिसींत असाध्य आजाराचं निदान झाल्यावर विम्याची रक्कम जिवंतपणीच मिळते. ते बारीक अक्षरांत मागच्या पानांवर असतं. एजंटाने घर बांधलं, पण हे पान कधी उघडून दाखवलं नाही.

आणि कंपनीने टोलवाटोलवी केली, तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार द्या, पोच घ्या. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर पुण्यात नारायण पेठेत विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही.